मास्तरांची स्कूटर

वीस वर्षे मी तहसील कचेरीत पायी जात असे. अलीकडेच, शेजारच्या आळीतील शाळामास्तर परलोकवासी झाल्यावर, त्यांची स्कूटर मी त्यांच्या पत्नीकडून रीतसर विकत घेतली. 'सदर वाहनाशी माझा कोणताही संबंध उरलेला नाही,' हे वाक्य बाईंच्या वतीने मीच लिहिले. अर्जलेखन हा माझा व्यवसाय आहे.

पायी जाताना लोक मला 'रामराम, अर्जनवीस साहेब' म्हणत. आता कोपऱ्यावरचा चहावाला मान वर न करताच हाक मारतो, "या की मास्तर!" आणि माझा चेहरा दिसताच कपबशा विसळू लागतो. मनुष्याचे नाव त्याच्या देहाला चिकटलेले असते की त्याच्या येण्याच्या आवाजाला, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

काल सायंकाळी मास्तरांच्या घरावरून जाताना बाई दारात आल्या, म्हणून मी गाडी थांबवली.

"आज उशीर केलात. चहा निवला ना!"

त्यांची नजर सरळ माझ्या चेहऱ्यावर होती. सत्य निवेदन करणे माझे कर्तव्य होते.

"शाळेत जरा थांबावं लागलं," मी म्हणालो आणि गाडी स्टँडवर लावली.