डावखुरी गाठ

पोह्यांच्या दुकानात, भर गर्दीत, मी त्याचं बिंग फोडलं.

गिरणी बंद पडल्यावर आमच्या चाळीत कुणीतरी उपाशी घरांच्या कडीला पिठाची पिशवी बांधून जायचं. ते पाहून कुणी गूळ ठेवू लागलं, कुणी डाळ. मी ऑफिसातला बाबू, मीही एकदा चहापत्ती ठेवली.

तो आमच्याच चाळीतला, गिरणीतला विणकर, मागांच्या खडखडाटानं बहिरा झालेला. ओरडूनच बोलायचा, आणि बोलता बोलता डाव्या हातानं समोरच्याच्या शर्टाचा सुटा धागा तोडायचा.

"पिशवीची गाठ डावखुरी, म्हणजे यांचीच!" मी बोट दाखवून म्हणालो. त्यानं मान खाली घातली.

चारचौघांत नाव आल्यावर घेणाऱ्यांना लाज वाटली; संध्याकाळपर्यंत सगळ्या पिशव्या त्याच्या दारात परत आल्या. आठवडा झाला, तीन घरांत चूल पेटलेली नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाबूजी, गाठ आम्ही पहिल्याच दिवशी ओळखली होती. पूरी चाळ चुप बसली, तुम्हीच एक हुशार निघालात!"