पाहुणे मास्तर

आमच्या भागात उच्च शिक्षणाचा जो काही उजेड पडला, त्यामागे एका माणसाची तपश्चर्या आहे. ही तपश्चर्या त्यांनी दुसऱ्यांच्या ओसरीवर, दुसऱ्यांच्या गादीवर आडवे पडून केली. त्यांना सगळे पाहुणे मास्तर म्हणत.

मास्तर कारंज्याच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, घरी एकटे. त्या काळी आमच्याकडची मुले मॅट्रिक झाली की अमरावतीला कॉलेजात नाव घालत. नाव घालण्याचा समारंभ मोठा होई. हारतुरे, पेढे, भाषण. पदवी घेऊन येण्याचा समारंभ क्वचितच करावा लागे. दिवाळीला घरी आलेला मुलगा कापसाच्या वेचणीसाठी थांबे, वेचणी संपली की त्याचे लग्न निघे, आणि पुढे 'मी कॉलेजात होतो' एवढ्या भांडवलावर तो उरलेले आयुष्य काढी. असा कोणी थांबल्याचे कळले की मास्तर वळकटी बांधत आणि त्याच्या घरी जाऊन मुक्काम ठोकत.

उपदेश त्यांनी कधी केला नाही. शिक्षणाचे महत्त्व सांगायला लागले असते तर त्यांना स्वतःलाच झोप लागली असती. ते फक्त राहत. अंघोळीला कढत पाणी लागे, भाजी बिनतिखटाची लागे, म्हणजे वऱ्हाडातल्या घरात रोज दोन भाज्या. दुपारी ओसरीवर घोरत. आणि रोज सकाळी यजमानाला विचारत, "पोरगं कधी निघते?"

"काहून, मास्तर?"

"ते निघालं की मी निघतो."

आलेल्या पाहुण्याला जा म्हणण्याची आमच्याकडे रीत नाही. थोड्याच दिवसांत घरच्या बायकाच मुलाची ट्रंक भरून देत.

लोकांना वाटे, म्हाताऱ्याला आयत्या जेवणाची चटक आहे. मीही एकदा तसे सुचवले. "मले का हौस आहे रे?" ते म्हणाले. "लोकायची गादी पाठीले टोचते. माह्या घरी चांगली खाट आहे, तिच्यावर निजाले सवड नाई."

आसेगावला मात्र त्यांची पद्धत उलटली. तिथल्या देशमुखांना चौसराचा नाद होता आणि गावात जोडीदार नव्हता. मास्तरांसारखा पाहुणा म्हणजे त्यांना देवाने धाडलेला माणूस. मुलगा ट्रंक भरून तयार झाला तरी देशमुख त्याला सोडीनात. "पोट्टं गेलं म्हणजे तुमी बी जान. राहू द्या न आनखी आठ दिवस." पाहुण्याने यजमानाला अधूनमधून जिंकू द्यावे असा संकेत आहे. मास्तरांनी तो मोडला. सकाळ-संध्याकाळ देशमुखांना हरवायला लागले. चार दिवसांत देशमुखांनी दोघांनाही स्वतःची दमणी जुंपून तिच्यात बसवून दिले.

माझी पाळी बी.ए.च्या शेवटच्या वर्षी आली. वडील लहानपणीच गेलेले. केनवडला काकांनी मला वाढवले होते. त्या वर्षी काका बैलगाडीवरून पडले, पाय मोडला, आणि वावर कापसाने फुटून पांढरे झालेले. दिवाळीला घरी आलो तो राहिलो. पौष सरायच्या आत परतलो नाही तर हजेरी भरणार नव्हती, आणि हजेरीशिवाय परीक्षेला बसता येणार नव्हते. पुढच्या वर्षी बघू, असे मी म्हणत होतो. पुढच्या वर्षी कोणी जात नसते, हे मलाही माहीत होते.

मास्तर आले. ओसरीच्या एका टोकाला पायाला कामट्या बांधलेले काका, दुसऱ्या टोकाला मास्तर. काकू जाता-येता म्हणत, "एक पडला तो पडला, हा दुसरा कायले पडला?"

काका मात्र बधणारे नव्हते. "महिनाभर राहा, मास्तर, दोन महिने राहा. पन पोट्टं धाडत नाई. वावरात कोन उभं राहीन? तुमी?"

ही अडचण खरी होती, आणि खऱ्या अडचणीवर घोरण्याचा उपाय चालत नाही. मग मास्तर फार कंटाळल्यासारखे म्हणाले, "राहतो उभा."

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीला जायला निघालो आणि वाशीमला अकोल्याची मोटर धरली. मुलगा निघाला आणि मास्तर राहिले, असे हे एकदाच झाले.

पुढचे मला काकूंनी सांगितले. मास्तर रोज छत्री घेऊन वावरात जात आणि आधी वेचणाऱ्या बायांची हजेरी घेत. एकीने विचारले, "मास्तर, हजेरी कायले? आमी का बी.ए. होऊन राह्यलो?"

"तुमी रोज येता म्हणून घेतो, बाई. भरलेला वर्ग म्या जन्मात पाह्यला नोता."

वेचणी सरेपर्यंत ते केनवडला होते. घरात जी तिखट भाजी होई तीच खात. कढत पाणी त्यांनी मागितले नाही. शेवटी शेवटी ताप येऊ लागला, तर म्हणाले, उन्हाने आहे.

परीक्षा देऊन मी थेट कारंज्याला गेलो. मास्तर एकदाचे आपल्या खाटेवर होते. ताप उतरत नव्हता.

"पेपर?"

"बरे गेले."

"बरे म्हणजे?"

"म्हणजे सगळे दिले."

"झालं मंग." त्यांनी कूस बदलली. "आता कोनाच्या घरी जाऊन पडाचं असन तर तू जाय, बापू. माह्याच्यानं होत नाई."

पावसाळ्यात कारंज्याला त्यांची शोकसभा झाली. टेबलावर हार घातलेला फोटो होता. मास्तरांनी ज्यांना कॉलेजात परत धाडण्यासाठी पहिला मुक्काम ठोकला होता ते आता वकील झाले होते; भाषण त्यांनीच केले. ते म्हणाले, या ज्ञानतपस्व्याचे प्राण केवळ एका निकालासाठी अडून राहिले होते. आपला शेवटचा विद्यार्थी पदवीधर झाल्याची वार्ता कानी पडली आणि त्यांनी कृतार्थ होऊन डोळे मिटले. मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मला उभे राहावे लागले. लोकांनी डोळे पुसले आणि टाळ्या वाजवल्या.

मास्तर चैत्रात गेले. निकाल ज्येष्ठात लागला.