वरचं घर, खालचं दुकान, एक वायफाय

"मी काहीही दाबलेलं नाही," अप्पा पुन्हा म्हणाले. "दाबलं गेलं असेल, तर ते त्याचं त्याचं दाबलं गेलं."

"आणि आवाज? तोही त्याचा त्याचा वाढला?" चष्मेवालीने पाण्याचा जग टेबलावर आदळला.

"अगं हळू, काच नवीन आहे टेबलाची," नवरा म्हणाला.

"दुकान जुनं आहे ना? मग ते फुटलं तरी चालेल!"

सासूबाईंनी आपल्या नवऱ्याच्या, म्हणजे अप्पांच्या ताटात भाजी वाढता वाढता तोफ त्यांच्याकडेच वळवली. "सकाळपासून मोबाइल घेऊन सोफ्यावर कोण बसलं होतं? मी?"

"तूही होतीस की. बहिणीशी गप्पा मारत."

"बहिणीशी बोलल्याने खाली दुकानात पोटाचे व्यायाम दिसत नाहीत हो!"

मुलगी इतका वेळ ताटात मान घालून हसू दाबत होती. आता तिला ठसका लागला. "आई, सॉरी, पण त्या ड्रायव्हरने खरंच मोठ्याने वाचलं?"

"खणखणीत आवाजात," आई म्हणाली. "एक अक्षर चुकला नाही."

गल्लीत तिला सगळे चष्मेवालीच म्हणत. लग्नाआधी ती दुसऱ्याच्या दुकानात गल्ल्याशेजारी उभी राहून लोकांच्या नाकांवर फ्रेमा चढवत होती. नोकरी सांभाळून डोळे तपासण्याचं शिक्षण तिने पुरं केलं आणि लग्नानंतर सासरच्या घराखालच्या खोलीत स्वतःचं दुकान थाटलं. त्या खोलीत तेव्हा अडगळ होती. ती हलवताना सासूबाईंनी प्रत्येक मोडक्या खुर्चीसाठी हुज्जत घातली होती; पण पाटी लागल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवणाऱ्याही त्याच.

नवरा विम्याच्या कचेरीत होता. घरात वायर म्हणून जे जे काही होतं, ते आपल्याच अखत्यारीत येतं अशी त्याची पक्की समजूत. दुकानात संगणक आला, तेव्हा तिने साधी मागणी केली, की दुकानाला इंटरनेटचं वेगळं कनेक्शन घेऊ या. त्याने तिच्याकडे कीव करत पाहिलं. "एका घरात दोन कनेक्शनं? लोक हसतील." मग त्याने जिन्यात डबा बसवला, दोन हिरवे दिवे लुकलुकायला लागले, आणि वरचं घर आणि खालचं दुकान एका वायफायवर नांदू लागलं.

नांदू लागलं म्हणजे एकमेकांच्या उरावर बसलं. दुकानाची बिलं त्यावर, काचा घासणाऱ्या कारखान्याकडे जाणारे नंबर त्यावर, गिऱ्हाइकांच्या वेळा त्यावर. आणि त्याच वायफायवर मुलीचे क्लास, नवऱ्याच्या मॅचेस, सासूबाईंची बहीण. ही बहीण चेहरा दिसल्याशिवाय बोलायचीच नाही. ती एकदा पडद्यावर आली, की खाली एखाद्याच्या काचांचा नंबर अर्ध्या वाटेत गोल गोल फिरत राही. मग चष्मेवाली झाडूच्या दांड्याने छत ठोके. एक ठोका म्हणजे फोन ठेवा. दोन ठोके म्हणजे आत्ताच्या आत्ता ठेवा. वरून सासूबाई उत्तरादाखल पाय आपटत. त्याचा अर्थ होता, निरोप घेतेय, घाई करू नकोस.

एकदा तिने वैतागून पासवर्ड बदलला. संध्याकाळपर्यंत घरात तिच्याशी बोलायला कोणी उरलं नाही. "आता बातम्यासुद्धा सूनबाईंच्या परवानगीने बघायच्या," असं अप्पा भिंतीला सांगत होते. नवऱ्याने तडजोड म्हणून नवा पासवर्ड कागदावर लिहिला आणि गिऱ्हाइकांचीही सोय व्हावी म्हणून दुकानाच्या दारावर चिकटवला. त्यानंतर नजर ठणठणीत असलेली कॉलेजची पोरं बाकावर ठिय्या देऊन बसू लागली. चष्मा लागलेल्यांना बसायला जागा मिळेना.

मग कोपऱ्यावर ते मोठं दुकान निघालं. काचेचं, गारेगार, एका भिंतीवर नुसते आरसे. चष्मेवालीची गिऱ्हाइकं तिकडे आरशात बघून येऊ लागली, आणि काही परत आलीच नाहीत. त्या दुकानाने तिला नोकरीही देऊ केली. पुन्हा गल्ल्याशेजारी उभं राहायचं! तिने विचार करून सांगते म्हटलं होतं, आणि विचार नको तिथे पोचायला लागला होता. अशात एका बस कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. सगळ्या ड्रायव्हरांचे डोळे दर वर्षी तपासून हवे होते. आधी एका ड्रायव्हरला घेऊन येतो, काम बघतो आणि ठरवतो, असं त्याचं म्हणणं. हे काम मिळालं तर मोठ्या दुकानाला खुशाल नाही म्हणता येणार होतं.

आज सकाळी तो आला. गिऱ्हाइकासमोरच्या भिंतीवर टीव्ही होता आणि अक्षरांचा तक्ता संगणकावरून वायफायने त्यावर येई. नवऱ्याने सवलतीत एकसारखे दोन टीव्ही घेतले होते, एक वर, एक खाली. वायफायवर त्यांची नावं त्यानेच ठेवली होती, वरचा टीव्ही एक आणि खालचा टीव्ही दोन. पोटच्या पोरीचं नाव ठेवायला त्याने अख्खा महिना घेतला होता.

ड्रायव्हर खुर्चीत बसला. मॅनेजर बाकावर. चष्मेवाली पडद्याकडे पाठ करून ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे काचा बदलत होती.

"आता वाचा. वरून दुसरी ओळ."

ड्रायव्हर जरा थांबला. "सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी प्या."

तिला वाटलं, बिचारा घाबरलाय. "घाई नको. नीट बघून सांगा."

"नीटच दिसतंय मॅडम. पोट आत ओढा. दहापर्यंत मोजा. सोडा."

"तुम्ही माझी मस्करी करताय का?"

"नाही मॅडम. आता एक माणूस आडवा पडलाय. पाय वर केलेत त्याने."

ती वळली. तेवढ्यात बंद ठेवलेला टीव्हीचा आवाज कुणीतरी वाढवत नेला आणि दुकान दणाणलं: "बद्धकोष्ठाला कायमचा रामराम ठोका!" तिने झाडूने छत इतकं ठोकलं की पोपडे पडले. वरून पाय आपटल्याचं उत्तर आलं. मॅनेजर उठला, बुटावरचा चुना झटकला, "कळवतो," म्हणाला आणि ड्रायव्हरला घेऊन निघून गेला. ड्रायव्हर जाता जाता वळून वळून टीव्हीकडे पाहत होता.

आणि आता रात्री जेवणाच्या टेबलावर तोच खटला चालू होता.

"अप्पा," मुलगी म्हणाली, "मीच दाखवलं होतं ना तुम्हाला? तो चौकोन दाबायचा, मग व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर येतो."

"तेच केलं!" अप्पा आपण काही दाबलंच नव्हतं हे विसरले. "पण समोरचा टीव्ही काळाच. म्हटलं आवाज तरी येईल, म्हणून वाढवला. तर तोही नाही!"

"कारण तुम्ही टीव्ही दोन निवडलात. हे बघा, इथे लिहून येतं, टीव्ही एक, टीव्ही दोन." तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

अप्पांनी मोबाइल जवळ घेतला. मग लांब धरला. मग दिव्याखाली तिरका केला. "कुठे लिहिलंय?"

चष्मेवाली सासऱ्यांच्या नाकावरच्या चष्म्याकडे बघत होती. ती या घरात आली तेव्हाही तोच होता. एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"किती वेळा म्हटलं, खाली चला, तपासते," ती म्हणाली.

"सुनेपुढे बसून अक्षरं वाचायची? आणि चुकलं तर?" अप्पा पुटपुटले.

"तर घरभर ओरडून सांगेल का ती?" सासूबाई म्हणाल्या. "ते काम मी करीन."

तेवढ्यात चष्मेवालीचा फोन वाजला. मॅनेजर. ती उठून खिडकीपाशी गेली. "हो... नाही, ते आमच्या घरातलं... हो, अक्षरंच असतील... ड्रायव्हरना म्हणावं, तो व्हिडिओ मी शोधून पाठवते." फोन ठेवून ती जागेवर येऊन बसली.

"उद्या परत येणार आहेत," तिने सांगितलं. "पडद्यावर अक्षरं दिसली तर काम आपलं. पुन्हा काही भलतं दिसलं, तर यायचे नाहीत."

"मग उद्या तेवढ्यापुरता आपण डबा बंद..." नवऱ्याने सुरुवात केली.

"डबा बंद केला तर तक्ता कुठून येईल?"

नवरा भाजीत मीठ कमी आहे का ते पाहू लागला.

"दुकानाला वेगळी लाइन घेतेय," चष्मेवाली म्हणाली. "लाइनच्या माणसाला दुपारीच सांगितलंय, उद्या दुकान उघडायच्या आधी येऊन जोडणार आहे. त्या लाइनचा पासवर्ड या घरात कुणालाही मिळणार नाही. आणि अप्पा, मॅनेजर यायच्या आधी तुम्ही खाली या, तुमचे डोळे तपासायचेत. कोमट पाणी पिऊन आलात तरी चालेल."