वाकळीतला लाल गोल

आज गच्चीवर वाकळ उन्हात टाकली. तापलेल्या जुन्या सुताचा वास आला आणि मी थेट चाकूरच्या सासरी, ओसरीत जाऊन बसले.

आमच्याकडे वाकळीला चौकोनी ठिगळंच लावत. मला मात्र मधोमध लाल गोल हवा होता. तो शिवला की टोपीसारखा फुगायचा. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "गोल बसत न्हाई गं. चौकोन लाव अन् मोकळी हो."

मी हट्टाने पुन्हा उसवला. संध्याकाळी भाकरी थापताना उमगलं, भाकरी ओढून मोठी होत नाही, ती फिरवावी लागते. मी कापड ओढत होते. मग गोलाला आडवी-उभी घडी घालून खुणा पाडल्या, वाकळीच्या वरच्या कापडात गोलासाठी कापलेल्या भोकाच्या कडेला बारीक चिरा दिल्या आणि वाकळच फिरवत टाके घातले.

जाऊबाईंनी डोळे मिटून शिवणीवरून तळवा फिरवला. कुठंच चुणी लागली नाही. त्या आत गेल्या आणि आपलं हिरवं लुगडं आणून माझ्यापुढे टाकलं. "माझ्याबी वाकळीला एक गोल काढ."

थोरल्या जावेसमोर तेव्हा मी हसू दाबलं होतं. आज गच्चीवर, त्या सपाट गोलावर हात ठेवून, खुशाल हसले.