ओढ्याकाठचं रान की माळ

मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. सातवीनंतर शाळा सोडून ती रानात गेली, म्हणून माझी शाळा सुटली नाही. घरातला पहिला पदवीधर मी. तिचं सासर आमच्या गावातच, पिशोरात. पुढे माझ्या कॉलेजचं सगळं तिच्या अद्रकावर भागलं, आणि दाजींनी त्यावर कधी हूं की चूं केलं नाही.

आता मी संभाजीनगरात एका कॉलेजात भूगोल शिकवतो. हवा तापली की जास्त बाष्प धरते, पाऊस लांबतो आणि मग एकदम कोसळतो, हे फळ्यावर काढून दाखवतो. पण पावसाळाभर माझं चित्त वर्गात नसतं. छावणी भागातल्या माझ्या खोलीच्या पत्र्यावर थेंब वाजले की आक्काला फोन करतो. नाही वाजले तरी करतो. इथं धो धो आणि तिथं कडक ऊन, असं कितीदा होतं.

तिचं अद्रक ओढ्याकाठच्या रानात असायचं. पावसानं ओढ दिली तरी तिथली ओल तुटत नाही, म्हणून जुनी माणसं त्याला भरवशाचं रान म्हणत. मागच्या वर्षी पाऊस बरेच दिवस गायब झाला आणि गणपतीत एका दमात आला. रानातलं पाणी हलेना. मी गेलो तेव्हा बांधावरच कुजका वास आला. आक्कानं उपटलेला गड्डा दाबून बघितला, तर तो हातातच पिचला. धीर द्यायला मी म्हणालो, वर्षाची सरासरी तर भरली.

"मास्तर," दाजी म्हणाले, "सरासरीत अद्रक सडत नाय व्हय?"

आक्का हसली. मग मलाही हसावं लागलं.

वाचलेल्या अद्रकातून एका रानापुरतंच बेणं निघालं. ते कुठं लावायचं, ओढ्याकाठी की वरच्या, पाणी न थांबणाऱ्या माळावर, असं तिनं उन्हाळ्यात फोनवर विचारलं. मी दोन्ही बाजू सांगत बसलो. तिनं मध्येच तोडलं.

"फोनवर तू लई फिरवतो. कागदावर लिही. मग पलटता यायचं नाय तुला."

कितीतरी कागद फाडले. शेवटी हे पाठवलं:

"आक्का,

पाऊस कधी येईल ते मला सांगता येत नाही. वर्षाची बेरीज तीच दिसली तरी त्याची चाल बदलली आहे, एवढं नक्की. मोठा खंड पडेल आणि मग एकदम कोसळेल, असं धरून चाल. खंडात विहिरीचं पाणी देता येतं, पण साचलेलं पाणी काढता येत नाही. म्हणून अद्रक माळावर लाव, उंच बेड करून, ठिबकवर. ओढ्याकाठी जनावरांपुरतं गवत कर.

विहीर आटली तर चूक माझी. मग दाजींना म्हणावं, मास्तरला काय बोलायचं ते बोला.

बेणं फोडायच्या दिवशी मी येतो. माझ्या हातात विळा देऊ नकोस, मी बेण्याचे डोळेच कापून ठेवतो. तू फोड, मी टोपल्या माळावर वाहीन.

तुझा भाऊ"