राळेगावचं मेडिकल आणि मावशीचा बटवा

राळेगाव तालुक्यातलं ते मेडिकलचं प्रकरण काही केल्या माझ्या मनातून जात नाही. निवृत्त होऊन यवतमाळला राहायला आलो, वर्दी पेटीत गेली, पण घरातल्या एका जागेची झडती मी अजून नेमाने घेतो. आमच्या फ्रीजवर औषधांचा एक डबा असतो. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या त्यात टाकून ठेवायच्या, ही आमच्या सौभाग्यवतींची जुनी सवय. मी डबा उघडला की त्या विचारतात, "या ठाणेदार, आज कोणाला अटक?" मी हसतो आणि उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या शोधून बाहेर काढतो. ही खोड मला त्या प्रकरणाने लावली.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपून मी गस्तीचे अहवाल बघत होतो, तेवढ्यात आमचा एक खबऱ्या आला. बसस्टँडजवळ त्याचं पंक्चरचं दुकान. कोणाला संशय येऊ नये म्हणून तो दर वेळी सायकल हरवल्याची तक्रार घेऊन ठाण्यात यायचा. ती सायकल इतक्या वेळा हरवली होती की एका नव्या शिपायाने बिचाऱ्याने खरोखरच गुन्हा नोंदवायला घेतला होता.

"साहेब, बाजाराच्या दिवशी मेडिकल फोडणार हायेत," तो हळूच म्हणाला. "पोट्ट्यायचं ठरून राह्यलं. नकली गोळ्या इकते म्हणतात चाचा."

हे चाचा म्हणजे बाजारपेठेतले जुने औषध दुकानदार. गावातलं जाणतं मुसलमान कुटुंब. जवळच्याच गावातली एक तरुण बाई, वेचणीला जाणारी, लघवीला जळजळ आणि ताप म्हणून आजारी पडली. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, नवऱ्याने चाचांकडून गोळ्या नेल्या. ताप उतरायच्या ऐवजी चढतच गेला आणि शेवटी तिला यवतमाळच्या दवाखान्यात भरती करावं लागलं. गोळ्या खाऊनही गुण येत नाही, म्हणजे गोळ्या खोट्या, असा सरळ हिशेब गावाने करून टाकला.

दुपारी तिचा नवराच लेखी अर्ज घेऊन आला. ऑटो चालवणारा, सडसडीत अंगाचा माणूस. कडेवर लहान मुलगी होती आणि डोळे जागरणाने लाल झाले होते.

"साहेब, तिले काई झालं तर मी त्या दुकानाले सोडत नाई," तो म्हणाला आणि मग एकदम रडायलाच लागला. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. मी दोघांना बसवलं, पाणी दिलं, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि औषध निरीक्षकांना कळवलं. दुकानासमोर एक जमादार उभा केला.

मग मी स्वतः दुकानात गेलो. बनावट मालाची दोन-चार प्रकरणं मी आधी हाताळली होती. असा माल विकणारा माणूस पोलीस दिसले की आधी बिलं पुढे करतो. चाचांनी आधी विचारलं, "साहेब, ती पोरगी कशी हाय?"

"तब्येत बरी नाही तिची."

"या अल्ला," म्हणत ते स्टुलावर बसले. "अब्बाच्या जमान्यापासून हे दुकान हाय साहेब. नकली माल ठेवाची मले कायची गरज? तिची सासू इथूनच दवा न्यायची."

निरीक्षकांनी पंचांसमक्ष नमुने सीलबंद केले. वरवर पाहता माल अस्सल वाटतो, पण निकाल प्रयोगशाळा देईल आणि त्याला वेळ लागेल, असं ते म्हणाले. तोवर दुकान बंद. चाचांनी स्वतःच कुलूप लावलं आणि किल्ली माझ्यापुढे धरली. मला वाईट वाटलं, पण कायद्याचं काम कायद्यानेच करावं लागतं.

दुसऱ्या दिवशी महिला शिपायाला घेऊन मी यवतमाळला जबाब घ्यायला गेलो. आजारी बाई ग्लानीत होती. ओठ कोरडे, अंग तापलेलं. तिच्यावर उपचार करणारी डॉक्टर तरुण मुलगी होती, पण बोलायला खणखणीत. तिने मला बाजूला घेतलं.

"साहेब, गोळ्या नकली असतील असं मला वाटत नाही. इथे मी त्याच जातीचं इंजेक्शन देते आहे, तेही लागू पडत नाही. जंतू मुरलेले आहेत. संसर्ग किडनीपर्यंत चढलाय. तपासणीला नमुना दिलाय, पण रिपोर्ट येईपर्यंत तिला थांबता येईल असं मला वाटत नाही. याआधी तिने कोणती औषधं घेतली ते कळलं, तर मला आजच औषध बदलता येईल. पण नवरा म्हणतो, याआधी कधी गोळी घेतलीच नाही."

"आणि ती?"

"तीही तेच म्हणते. मला पटत नाही."

मलाही पटलं नाही. मी खाटेजवळ गेलो आणि हळू आवाजात विचारलं. तिने डोळे उघडले, दाराकडे पाहिलं आणि मान हलवली, "नाई." जिवावर बेतलेलं माणूस डॉक्टरपासून काही लपवतं, ते बहुतेक वेळा दुसऱ्या कोणासाठी. म्हणून मीही दाराकडे पाहिलं.

दारात तिच्या टोळीतल्या बाया उभ्या होत्या. सकाळच्या एसटीने आल्या होत्या, वेचणीचा दिवस बुडवून. त्यांच्यात सगळ्यात पुढे एक वयस्क बाई होती. सगळ्या तिला मावशी म्हणत. टोळी जमवायची, शेतकऱ्याशी मजुरी ठरवायची, कोणाचं पोर आजारी पडलं तर तिला सांभाळून घ्यायची, हे सगळं तीच करायची. मावशीने कमरेचा कापडी बटवा पदराखाली घट्ट धरला होता. मी पाहतोय हे कळताच तिने तो आणखी आत सरकवला.

चौकशी म्हटली की लोकांना बंद खोली आणि टेबलावर आपटलेली काठी आठवते. मी मावशीला दवाखान्यासमोरच्या कँटीनमध्ये नेलं आणि चहा मागवला. महिला शिपाई शेजारी बसली. मी बटव्याबद्दल काही बोललो नाही. वेचणी कशी चालली आहे, एवढंच विचारलं. चहा निम्मा संपल्यावर ती स्वतःच म्हणाली,

"साहेब, ते दुकान काहून बंद केलं तुमी? चाचानं काई नाई केलं."

"मग कोणी केलं मावशी?"

तिने कप बाजूला सरकवला. मग बटवा टेबलावर ठेवला. आत सुपारी, चुना आणि लाल-काळ्या कॅप्सूलचा अर्धा संपलेला पत्ता.

"थे गोळी मी देतो," ती म्हणाली. "एकीले एक."

मग सगळं बाहेर आलं. सपाट शेत, कुठे झुडूप नाही की आडोसा नाही. भोवती गडीमाणसं. वेचणी वजनावर, म्हणून लांबच्या बांधापर्यंत जाण्यात वेळ घालवायला कोणी तयार नाही. त्यामुळे बाया दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. संध्याकाळपर्यंत लघवी रोखून धरायची. मग जळजळ सुरू व्हायची. फार मागे मावशीलाच असा त्रास झाला होता आणि एका डॉक्टरांच्या कॅप्सूलने गुण आला होता. तेव्हापासून ती औषधाच्या दुकानात रिकामा पत्ता दाखवून तसाच नवा पत्ता घ्यायची आणि ज्या बाईला जळजळ होईल तिला एक कॅप्सूल द्यायची. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं की बस्स, उरलेल्या दुसरीसाठी.

"एका पत्त्यात साऱ्या टोळीचं भागे साहेब. कोणाची रोजी बुडे नाई. मले वाटे, पुण्य करून राह्यलो."

"हिलाही दिल्या?"

"सालभर देऊन राह्यलो. जवा जवा जळजळ झाली तवा." तिने पत्ता माझ्याकडे सरकवला. "लगन होऊन आली तवा हिले कोणी कामावर घेत नव्हतं. मीच घेतलं. म्हणून नाव नाई सांगून राह्यली माहं. तुमी मले आत टाका, पण तिले वाचवा."

मी तिला तसंच उठवून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने पत्ता उलटसुलट करून पाहिला, "त्याच जातीचं औषध आहे," म्हणाली आणि दोन-तीन प्रश्न विचारले. ती मावशीवर ओरडली नाही, हे मला फार आवडलं. तिने फक्त समजावून सांगितलं. एका कॅप्सूलने कमजोर जंतू मरतात, चिवट ते उरतात आणि पुढे त्यांचीच पैदास होते. असं वारंवार झालं की एक दिवस तेच औषध पूर्ण दिलं तरी जंतूंना काही होत नाही. "आणि हे जंतू एकीपाशीच राहतात असं नाही मावशी, एकीकडून दुसरीकडे जातात," ती म्हणाली. मग तिने नर्सला हाक मारली आणि त्याच क्षणी इंजेक्शन बदलायला सांगितलं.

मावशी दाराबाहेर जमिनीवर बसून राहिली. कितीही सांगितलं तरी बाकावर बसेना.

बाजाराच्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला. ताप उतरतो आहे, बाईने चहा मागितला. ठाण्यात एवढ्या समाधानाने मी क्वचितच फोन ठेवला असेन. पुढे रिपोर्ट आला तोही डॉक्टरच्या अंदाजाप्रमाणेच, पण ते नंतरचं.

दुपारी बाजारात मेडिकलसमोर पोरं जमायला लागली. बंदोबस्त होताच. मी काठ्या पुढे करण्याआधी मावशीला पुढे केलं. खरं तर तीच म्हणाली होती, मले बोलू द्या. ती बंद शटरसमोर उभी राहिली, बटव्यातला पत्ता काढून वर धरला आणि मोठ्याने म्हणाली,

"दुकान फोडू नका रे बाप्पा. गोळी माही होती."

गर्दी गोंधळली. आजारी बाईचा नवरा पुढे आला. मला वाटलं, आता हा हिच्या अंगावर जातो. पण त्याला दवाखान्यातून आधीच सारं कळलं होतं. तो पोरांकडे वळून म्हणाला, "चला रे, आपापल्या घरी जा. तिनं चहा मांगला." एवढ्यावर तो बाजार शांत झाला.

चाचा मात्र माझ्याकडून सुटले नाहीत. रिकामा पत्ता पाहून एक-दोनदा त्यांनीही मावशीला बिनचिठ्ठीच्या कॅप्सूल दिल्या होत्या. मान खाली घालून म्हणाले, "साहेब, मावशीले ना कसं म्हणू?" मी त्यांना चांगलंच खडसावलं, निरीक्षकांनी रीतसर ताकीद दिली. प्रयोगशाळेने माल अस्सल ठरवल्यावर दुकान उघडलं, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक तो ऑटोवालाच होता, चिठ्ठी हातात धरून.

नोकरीत मी कायम वाईट हेतू शोधत फिरलो, तेच आमचं काम. या प्रकरणात मात्र मला तो कुठेच सापडला नाही. मावशीला रोजी वाचवायची होती, चाचांना मन मोडायचं नव्हतं, त्या पोरीला मावशीला वाचवायचं होतं. सगळे एकमेकांना जपत होते आणि त्या जपण्यातून एक बाई मरणाच्या दारात गेली होती. तेव्हापासून चौकशी करताना मी 'कोणी केलं' याच्या आधी 'कशापायी केलं' हे विचारू लागलो, आणि त्याने माझी बरीच कामं सोपी झाली.

मागच्या हंगामात एका लग्नाला राळेगावकडे गेलो होतो. वाटेत कापसाच्या एका शेतात चार बांबू रोवून जुन्या साड्यांचा आडोसा केलेला दिसला. बाजूला पाण्याची मोठी कॅन होती आणि एक बाई हाका मारमारून सगळ्यांना पाणी पाजत होती. गाडी थांबवून उतरलो, तर ती तीच होती, दवाखान्यातली. मला ओळखून हसली. आता आडोसा आणि पाणी कबूल केल्याशिवाय ही टोळी कोणाच्या शेतात उतरत नाही, हे तिनेच सांगितलं.

तेवढ्यात कापसाच्या ओळीतून मावशी आली. थकली होती, पण चाल तीच. मी काही बोलायच्या आत तिने कमरेचा बटवा काढला, उघडला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या साहेब, झडती घ्या."

आत सुपारी आणि चुना, बाकी काही नव्हतं. मी सुपारीचा एक तुकडा उचलला आणि बटवा तिला परत दिला.