आर्वोचा चार-दहाचा अ‍ॅक्सल

उत्तर मिशिगनमध्ये, लेक सुपीरियर या समुद्राएवढ्या तळ्याच्या काठी, आर्वो कांगासच्या शाळेच्या बसमध्ये बसला नाही असा चाळिशीच्या आतला माणूस त्या भागात सापडायचा नाही. एकतीस वर्षं त्यानं ती पिवळी बस चालवली आणि एकतीस वर्षं तिच्याखाली शिरून ती स्वतःच दुरुस्त केली. निवृत्त झाल्यावर बस गेली, पण गाड्यांखाली शिरायची खोड काही गेली नाही.

सहकारी दुकानाच्या मागच्या बाजूला कॉफीचं एक टेबल होतं. सकाळी सातला आर्वो तिथे बसायचा, वेलदोड्याच्या गोड पावाचा तुकडा कॉफीत बुडवायचा, आणि मग ज्याला म्हणून पिकअप घ्यायची असेल तो त्याच्यासमोर येऊन उभा राहायचा.

"आर्वो, बोट ओढायची आहे. कुठली घेऊ?"

"रंगाचं नंतर बघ. इंजिनाचंही नंतर बघ. मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा काय?"

हा त्याचा ठरलेला प्रश्न. अ‍ॅक्सल म्हणजे दोन चाकांमधला आस. चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो, तो हा आकडा. तीन-आठ म्हणजे तीन वेळा आणि वर थोडं. गाडी हायवेवर सुसाट पळणार, पेट्रोल कमी पिणार, पण मागे बोट लावली की तिला धाप लागणार. चार-दहा म्हणजे चार वेळा आणि वर थोडं. पळताना जरा कुरकुरेल, पण ओढायला बैल. एका दातांच्या डॉक्टरानं त्याचं न ऐकता तीन-आठची घेतली होती. मागे बोट लावून चढावर अडकला, आणि शेवटी बटाटे वाहणाऱ्या ट्रॅक्टरनं त्याला गाडीसकट, बोटीसकट, बायकोसकट वर नेला. ही गोष्ट आर्वो दर महिन्याला एकदा तरी सांगायचा, आणि दर वेळी त्या ट्रॅक्टरवर बटाटे जरा वाढलेले असायचे.

तर आता आर्वोला स्वतःलाच पिकअप घ्यायची होती, कारण बोट तयार झाली होती.

ही बोट म्हणजे एक वेगळंच प्रकरण. अकरा वर्षं तो ती कोठारात बांधत होता. सव्वीस फुटी, सीडरच्या, म्हणजे देवदारासारख्या लाकडाच्या फळ्यांची, पुढे छोटी केबिन. पहिल्या वर्षी गाव बघायला आलं, पाचव्या वर्षी गाव हसलं, आठव्या वर्षी गाव विसरलं. बायको साइमा मात्र विसरली नव्हती. घरातली कोंबड्यांची खुराडी मोडकळीला आली होती, कोठारातली सगळी कोरडी जागा बोटीनं अडवली होती आणि कोंबड्या बिचाऱ्या जागा मिळेल तिथे अंडी घालत होत्या. त्या वर्षी ईस्टरला, चर्चच्या तळघरात सगळे कॉफी पीत असताना, साइमानं कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं.

"ऐका सगळे. यंदाच्या युहान्नुसला ही बोट पाण्यात गेली तर मी पहिली तिच्यात बसेन. नाही गेली, तर दुसऱ्या दिवशी तिच्यात कोंबड्या बसतील. मी पेंढा आणून ठेवलाय."

युहान्नुस म्हणजे त्यांचा, फिनलंडहून येऊन इथे वसलेल्या लोकांचा, जूनमधला सण. दिवस मावळता मावळत नाही, किनाऱ्यावर होळी पेटते, सगळ्यांच्या बोटी पाण्यात असतात. साइमा बोलली की करते, हे सगळ्यांना ठाऊक. एकदा आर्वोनं तीन दिवस चपला दारात टाकल्या म्हणून तिनं त्यांत कांद्याची रोपं लावली होती. त्यामुळे आर्वोनं हातातला पाव परत बशीत ठेवला. शेजारचा वाइनो तर खुशीत टेबलावर थापच मारून म्हणाला, "आर्वो, खिडक्या कोंबडीच्या उंचीला ठेवल्यास ना रे?"

गाडी बघायला आर्वो शहरातल्या विक्रेत्याकडे गेला. फ्लॉइड नावाचा गुबगुबीत माणूस, टायवर मासा काढलेला. त्यानं त्याला एका चकचकीत निळ्या पिकअपपाशी नेलं.

"मिस्टर कांगास, हिच्यात बसलात की दहा वर्षांनी लहान व्हाल."

"मला लहान नाही व्हायचं, मला किटलीचा चढ चढायचाय. जॅक आहे का?"

किटलीचा चढ म्हणजे आर्वोच्या घरापासून सुरू होणारा डोंगर. जुन्या काळच्या मोटारी तिथे चढताना किटलीसारख्या वाफ सोडायच्या, म्हणून हे नाव. तळ्याकडे जायला दुसरा रस्ता नाही.

"जॅक कशाला? आकडा आतल्या खणात चिकटवलेला आहे की," फ्लॉइड म्हणाला.

"कागद गाडीबरोबर येतो. अ‍ॅक्सल मधेच कुणी बदलला असेल तर कागदाला कोण सांगायला जातं?"

आणि अडुसष्ट वर्षांचा तो माणूस चांगले कपडे घालून निळ्या गाडीखाली पाठीवर सरकला. मागचं एक चाक उचललं, चाकावर खडूची रेघ, शाफ्टवर खडूची रेघ. "आता चाक फिरव, हळू. दोन फेरे."

"दोन? आकडा तर चाकाच्या एका फेऱ्याचा ना!"

"एकच चाक उचललं की दोन फेऱ्यांचा एक धरायचा. दुसरं चाक जमिनीवर बसून अर्धी मजुरी खातंय. फिरव."

फ्लॉइडनं चाक फिरवलं, आर्वोनं खालून मोजलं. तीन आणि वर जरासं. "ही घोडी शर्यतीची आहे," तो बाहेर येत म्हणाला. मग मागच्या रांगेत एक राखाडी, फिक्कट पिकअप उभी होती, कधी काळी बर्फ ढकलणारी, दाराला पोचा आलेला. तिच्याखाली शिरला. एक, दोन, तीन, चार, आणि खडूची रेघ थोडी पुढे. खालूनच आरोळी आली, "सापडली!" फ्लॉइडला वाटलं याला काहीतरी चावलं.

इथवर सगळं नीट झालं. घोटाळा केला तो लॉटरीनं.

स्वयंसेवक अग्निशमन दलाची वर्षाची सोडत होती. आर्वो तीस वर्षं तिकीट घ्यायचा आणि त्याला एकदाच काही लागलं होतं, तेही मुरवलेल्या हेरिंग माशांची बरणी. या वर्षी त्याला पहिलं बक्षीस लागलं. चार टायर. असे उंच, जाडजूड, दातेरी, की त्यांच्याकडे बघून रस्त्यानं बाजूला व्हावं. नवी कोरी वस्तू फुकट आली आणि ती कोठारात ठेवायची, हे आर्वोच्या रक्तातच नव्हतं. त्यानं त्याच संध्याकाळी राखाडी गाडीचे जुने टायर काढले, कोठारात टाकले, आणि हे राक्षस चढवले. आधीच उंच गाडी आणखी तीन बोटं वर गेली. साइमाला आत चढायला लाकडी ठोकळा लागायला लागला.

"हे कशाला?" तिनं विचारलं.

"पकड बघ किती आहे!"

"पकड आहे, पण मी काय खारीसारखी चढू?"

पुढच्या आठवड्यात चर्चला जाताना मागून निळा दिवा लागला. पोलिसातला लेरॉय टर्कॉट, लहानपणी आर्वोच्याच बसमध्ये मागच्या बाकावर बसायचा.

"मिस्टर कांगास, ताशी त्रेसष्ट मैलांनी चाललायत तुम्ही."

"पंचावन्न! काटा माझ्या डोळ्यांसमोर होता. लेरॉय, तू सहावीत असताना खिडकीतून हात बाहेर काढायचास, तेव्हाही खोटं बोलायचास."

"तेव्हा बोलायचो. आता माझ्याकडे यंत्र आहे."

लेरॉयनं ताकीद देऊन सोडलं, पण आर्वो दिवसभर धुमसत राहिला. यंत्र बिघडलंय, हे त्याचं ठरलं. वाटेत थांबूनही चर्चला पोचले मात्र ते नेहमीपेक्षा लवकर, आणि साइमानं घड्याळाकडे एकदा बघून घेतलं.

मग युहान्नुसचा दिवस आला. ट्रेलरवर बोट चढवून दोऱ्या आवळेपर्यंत दुपारचे तीन वाजले. साइमा अंगणात उभी होती. आर्वोनं टोपी सारखी केली आणि निघाला. चढाचा पहिला भाग गेला. दुसऱ्या भागात इंजिन कण्हायला लागलं. वळणाच्या अलीकडे त्यानं पहिला गिअर टाकला, गाडी थरथरली, आणि बंद पडली. परत सुरू केली. क्लचमधून असा जळका वास आला की मागच्या गाडीतल्या बाईनं बटाट्याच्या कोशिंबिरीवर झाकण ठेवलं.

मागे रांग लागली. सगळे किनाऱ्यालाच निघालेले. वाइनोनं खिडकीतून डोकं काढलं.

"आर्वो! चार-दहा ना रे? का चार वाजून दहा मिनिटांनी पोचणार?"

"गप बस रे!"

"मी गप बसतो. पण साइमाला विचार, पांढऱ्या घेणार का तांबड्या?"

आर्वोचे कान लाल झाले. इतकी वर्षं ज्यानं सगळ्यांना आकडे सांगितले, तो सगळ्यांसमोर चढावर बसला होता. लेरॉय आला, त्यानं वरची वाहतूक अडवली आणि मागची रांग बाजूला घेतली. आर्वोनं बोटीसकट अख्खा लवाजमा वळणापासून उलटा, सरळ रेषेत, घराच्या अंगणात आणून उभा केला. ते बघून मात्र वाइनोनंसुद्धा टोपी काढली. बस चालवलेला माणूस होता शेवटी.

आर्वो जॅक घेऊन गाडीखाली शिरला. परत मोजलं. चार आणि वर जरासं. परत मोजलं. तेच.

"आकडा बरोबर आहे," खालून त्याचा आवाज आला. रडका म्हणावा असा. "साइमा, आकडा बरोबर आहे गं!"

साइमा पायऱ्यांवर बसली होती. ती जुन्या कपड्यांच्या चिंध्यांच्या सतरंज्या विणायची, आणि मेंढीची लोकर चरख्यावर कातायची. ती म्हणाली, "लेरॉय, त्या दिवशी हा किती जोरात होता म्हणालास?"

"त्रेसष्ट, मॅडम."

"आणि काटा पंचावन्न सांगत होता. आणि आपण चर्चला लवकर पोचलो." ती उठली, टोपलीतून लाल चिंधी काढली, कोठारात गेली आणि जुन्या टायरभोवती गुंडाळून कापली. मग निळी चिंधी नव्या टायरभोवती. दोन्ही चिंध्या आर्वोच्या नाकासमोर धरल्या. निळी चिंधी लालपेक्षा चांगली दीड वीत जास्त लांब होती.

"बाहेर ये, आर्वो. ओझं घेऊन जिना चढताना तू लांब ढांगा टाकतोस का बारकी पावलं?"

"बारकी."

"चार-दहा घेऊन तू गाडीला बारकी पावलं टाकायला शिकवलंस. मग तिला या उंच टांगा लावल्यास. आता एका फेऱ्यात ती दीड वीत जास्त पुढे जाते. काट्याला काय माहीत, तो बिचारा फेरे मोजतो. माझ्या चरख्यावर जाड लोकर घेताना मी कप्पी बदलते ती उगीच नाही बदलत."

आर्वो खाली बसला तो बसलाच. "म्हणजे चार-दहाची..."

"साडेतीनची करून टाकलीस. फुकटात."

लेरॉय खोकला, म्हणजे हसू दाबलं. आर्वोनं डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर ठेवली. "एकतीस वर्षं बसला एकाच मापाचे टायर आले गं. टायरचं माप बदलतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं."

"डोक्यात आता आलं. हात चालव. पाच वाजलेत."

मग रांगेतले सगळे कामाला लागले. वाइनोसुद्धा पाना घेऊन आला, तोंड मात्र चालूच. तीन टायर चढले. चौथ्यापाशी सगळे थांबले, कारण चौथ्या जुन्या टायरच्या आत पेंढा होता आणि पेंढ्यावर एक तांबडी कोंबडी खुडूक बसली होती. आठ अंड्यांवर. तिनं वाइनोच्या हाताला असं टोचलं की त्यानं फिनिश भाषेत जे काही म्हटलं ते चर्चच्या तळघरात चालण्यासारखं नव्हतं.

"तिला हात नको लावू, मी बघते," साइमा म्हणाली. तिनं कोंबडी पेंढ्यासकट, अंड्यांसकट अलगद टोपलीत घेतली. ठेवायची कुठे? अंगणात कुत्रं, ओट्यावर ऊन, कोठारात पाने-हातोडे आणि माणसं. तिनं टोपली समोरच्या पहिल्या सावलीत सरकवली, आणि शेवटचा टायर गाडीला चढला.

राखाडी गाडी परत ठेंगणी झाली. साइमा ठोकळा न घेता चढून आर्वोशेजारी बसली. किटलीचा चढ आला. पहिला भाग, दुसरा भाग, वळण. आर्वोनं श्वास धरला होता. गाडी कुरकुरली, एकसारखी, दमदार, लहान पावलं टाकत, आणि वर गेली. मागून आठ गाड्यांचे हॉर्न वाजले. आर्वोनं तेव्हा श्वास सोडला आणि साइमाकडे न बघता म्हणाला, "मी सांगितलं होतं, चार-दहा."

"बघ हं, इथेच उतरून चालत जाईन."

किनाऱ्यावर आठच्या सुमारास पोचले. ऊन अजून पिवळं होतं, होळीची लाकडं रचून तयार होती. आर्वोनं ट्रेलर उतारावरून पाण्यात नेला, दोऱ्या सुटल्या, आणि अकरा वर्षांची ती बोट तळ्यावर तरंगली. कुठे गळली नाही. सगळं गाव टाळ्या वाजवायला लागलं. साइमा शब्दाप्रमाणे पहिली चढायला निघाली, एक पाय आत टाकला आणि थांबली.

"आर्वो," ती म्हणाली, "मी पहिली नाही."

केबिनच्या सावलीत टोपली होती. टोपलीत तांबडी कोंबडी, तशीच फुगून बसलेली, आठ अंड्यांवर, किटलीचा चढ चढून, तळ्यात उतरून, जराही न हललेली. टायर बदलायच्या घाईत सगळ्यांत जवळची सावली बोटीच्या केबिनची होती, आणि मग तिला सगळे विसरले ते विसरलेच.

वाइनोला सांगायला कुणाला जावं लागलं नाही. तो गुडघ्यापर्यंत पाण्यात शिरून आधीच ओरडत होता, "पाण्यातही गेली आणि कोंबड्याही बसल्या! साइमा, दोन्ही शब्द पाळलेस!"

साइमा हसून हसून बोटीचा काठ धरून बसली. एवढी की आर्वोला वाटलं ही पाण्यात पडणार. मग ती आत गेली, टोपलीशेजारी बसली आणि म्हणाली, "हळू चालव. तिला झोप लागलीय."

आठपैकी सहा पिल्लं निघाली, घरीच, नव्या खुराड्यात. ते आर्वोनं उरलेल्या सीडरच्या फळ्यांचं बांधलं. बोटीवर नाव घालायचं होतं, आर्वोला 'साइमा' हवं होतं. साइमानं स्वतः ब्रश घेतला आणि मोठ्या अक्षरांत फिनिशमध्ये 'काना' लिहिलं, म्हणजे कोंबडी.

ते उंच टायर पुढच्या सोडतीत आर्वोनं परत देऊन टाकले. वाइनोला लागले, आणि त्यानं ते त्याच संध्याकाळी आपल्या गाडीला चढवले. आता सकाळी सातला, कॉफीच्या टेबलापाशी कुणी आलं की आर्वो आधी गोड पाव बुडवतो, मग विचारतो, "अ‍ॅक्सलचा आकडा काय?" माणूस आकडा सांगतो. आर्वो मान हलवतो, खिशातून दोन चिंध्या काढून टेबलावर ठेवतो, एक लाल, एक निळी, आणि म्हणतो, "बस. आता टायरचं सांग."

वाइनो तेवढा कॉफीचा कप घेऊन दुसऱ्या टेबलावर जातो.